आधी तारीख विचारा



स्वागताध्यक्षाचे पद ज्याच्याकडून अन्य कोणत्याही कामाची अपेक्षा उरलेली नाही अशा वयोवृद्ध गृहस्थाच्या गळ्यात घालण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे, आणि तीस अनुसरूनच हा मान माझ्याकडे आला आहे, याविषयी माझ्या मनात यत्किंचितही गैरसमज नाही. तथापि न्यायालयाच्या ज्या आवारात तरुणपणी बसावयास बाकही न मिळाल्याने चिंचेखाली उभ्या उभ्या अशिलांची हकिकत ऐकली, त्याच आवाराच्या वतीने आपणा सर्वांचे स्वागत करावयाचे भाग्य लाभले, याचा मला मनापासून आनंद आहे.

सातारच्या भूमीविषयी आपणांस सांगावे असे फारसे नाही. येथून हाकेच्या अंतरावर, कृष्णा-वेण्णेच्या संगमावरील माहुली हे रामशास्त्री प्रभुणे यांचे गाव. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा वध झाल्यावर प्रत्यक्ष राघोबादादांना दोषी ठरविणारा हा न्यायाधीश आपल्या भाषणांतून इतक्या वेळा डोकावतो की त्याच्या बाणेदारपणाचे आता कोणास नवल वाटत नाही. परंतु त्या बाणेदारपणाच्या आधी त्याने चौकशीचे नीरस आणि जोखमीचे काम केले होते, पुरावा पाहिला होता, हे आपण वकीलमंडळी सोयीस्करपणे विसरतो. निर्भीड युक्तिवाद करण्याची हौस आपणांपैकी पुष्कळांना आहे. कागद वाचण्याची किती जणांना आहे, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी ठरवावे.

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यवसायाच्या भोवतीचे जग झपाट्याने पालटले. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची चार दशकांहून अधिक काळची मागणी मान्य होऊन मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे सुरू झाले. एका जामीनअर्जासाठी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठावयाची, फोर्टातल्या पायऱ्यांवर दिवस काढावयाचा आणि प्रकरण पुकारलेच गेले नाही म्हणून तसेच परतावयाचे, हा ज्यांचा नित्यक्रम होता त्यांना या घटनेचे मोल निराळे सांगावयास नको. मात्र उच्च न्यायालय जवळ आले म्हणजे त्याच्या शिस्तीचा धाकही जवळ आला. खालच्या न्यायालयात ढिलाईने लिहिलेली कैफियत आता चार तासांत वरच्या न्यायासनासमोर उघडी पडू शकते.

परंतु सर्वांत मोठे स्थित्यंतर १ जुलै २०२४ चे. १८६० ची दंडसंहिता, १८७२ चा पुराव्याचा कायदा आणि १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता या तिन्हींच्या जागी त्या दिवसापासून भारतीय न्याय संहिता, भारतीय साक्ष्य अधिनियम आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आल्या. कलमांचे अंक तेवढे बदलले, मजकूर जुनाच, असे म्हणून हात झटकणारे विद्वान प्रत्येक बार रूममध्ये आढळतात, आणि मीही प्रथम त्यांच्यातलाच एक होतो. त्याच जुलै महिन्यात मी सवयीने कलम ४३८ घालून अटकपूर्व जामिनाचा अर्ज दाखल केला; न्यायाधीश महोदयांनी चष्म्यावरून पाहत विचारले, ‘‘वकीलसाहेब, आपणांस पुनरीक्षण हवे आहे की जामीन?’’ कारण नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४३८ हे पुनरीक्षणाचे कलम असून अटकपूर्व जामीन ४८२ मध्ये गेला आहे, आणि ४८२ म्हटले की ज्या अंगभूत अधिकारांची आपणांस आठवण होई ते ५२८ मध्ये जाऊन बसले आहेत. खून ३०२ मधून १०३ मध्ये आला. नव्या न्याय संहितेत कलमेच मुळी ३५८, तेव्हा बिचाऱ्या चारशेविसाला उभे राहण्यापुरतीही जागा उरली नाही. बोलीभाषेत तो आणखी शंभर वर्षे सुखाने नांदेल, तो भाग वेगळा.

हसण्याचा भाग सोडून दिला तरी अडचण उरतेच. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या अपराधास जुनीच दंडसंहिता लागते; त्या दिवशी चालू असलेले तपास, खटले आणि अपिले जुन्याच प्रक्रियेने पुढे जातात; अपराध जुना पण फिर्याद नंतरची असेल तर अपराध जुन्या संहितेचा आणि कार्यपद्धती नव्या संहितेची, असा संकर होतो. माझे गुरू म्हणत, पक्षकार आला की आधी तारीख विचारावी आणि मग हकिकत ऐकावी. त्या काळी मुदतीच्या कायद्याच्या भयाने दिलेला हा उपदेश आज फौजदारी वकिलाच्या पहिल्या प्रश्नाची जागा घेऊन बसला आहे.

आणि तारखेचा हा अंमल तेथेच संपत नाही. सत्र न्यायालयात दोषमुक्तीचा अर्ज खटला सुपूर्द झाल्यापासून साठ दिवसांच्या आत करावयाचा आहे. परिस्थिती आवाक्याबाहेरची असल्यासच, तीही जास्तीत जास्त दोन वेळा, तहकुबी मिळावी असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३४६ सांगते. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ तुरुंगात काढला तर, मृत्युदंड वा जन्मठेपेचे अपराध आणि इतर काही अपवाद वगळता, कलम ४७९ अन्वये त्याच्या सुटकेचा विचार करावा लागतो, आणि जुन्या खटल्यांतील कैद्यांनाही हा लाभ मिळावा असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. ज्याच्या घरी वकीलपत्रावर सही करावयासही कोणी नाही अशा कैद्याचे दिवस बोटांवर मोजणे, हे काम आपल्या तरुण सहकाऱ्यांनी अंगावर घ्यावे. तारीख मागण्यात ज्यांची हयात गेली त्या आमच्या पिढीला तारखा मोजण्याचे शहाणपण उतारवयात शिकावे लागत आहे.

अटकेच्या बाबतीत तर हिशेब तासांवर आला. अटकेची कारणे लेखी आणि आरोपीस समजणाऱ्या भाषेत द्यावीत, तत्काळ देणे अशक्य असेल तर दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याच्या किमान दोन तास आधी द्यावीत, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका अपिलात घालून दिला. तेव्हा रिमांडच्या वेळी उभे राहताच कागद कोणत्या भाषेत आहे आणि तो किती वाजता हाती पडला, हे विचारून रोजनाम्यात नोंदवून घ्यावे. माणच्या मेंढपाळाला इंग्रजीत छापलेली कारणे देऊन त्याचा अंगठा घेतला, तर ती कारणे दिलीच नाहीत असे म्हणावयास आता आधार आहे.

पुराव्याविषयी मात्र थोडे विस्ताराने बोलण्याची परवानगी द्यावी, कारण आमच्या पिढीची सर्वांत अधिक फजिती तेथेच होते. जालना मतदारसंघात २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतले गेले, असा पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता, आणि त्याचा मुख्य पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रफीत. ही फीत मिळाली, पण इलेक्ट्रॉनिक नोंद म्हणून तिच्यासोबत कायद्याने लागणारा दाखला अधिकारी वारंवार मागूनही देईनात. औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द केली आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम करताना दोन गोष्टी पक्क्या केल्या : मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत दाखला अनिवार्य आहे, आणि संबंधित इसम तो देत नसेल तर पक्षकाराने स्वस्थ न बसता न्यायालयाकडून तो मागवावा. साध्या घड्याळातल्या काही मिनिटांच्या वादातून सगळ्या देशाचा पुराव्याचा नियम निश्चित झाला.

नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने हा दाखला अधिक काटेकोर केला आहे. त्याचे आता दोन भाग : एक नोंद सादर करणाऱ्याने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने; आणि दोन्हींत त्या नोंदीचे हॅश मूल्य लिहावयाचे, जे जुन्या खतावरील अंगठ्याच्या ठशासारखे असते, मजकुरात एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी जुळत नाही. पक्षकार मोबाइलवरील संदेशांचे छापील कागद घेऊन येतो आणि आपण ते तसेच यादीसोबत लावतो, ही सवय सोडून द्यावी. मोबाइल विकू नये, दुरुस्तीस टाकू नये, हे त्याला पहिल्याच भेटीत बजावावे. दुकानातल्या कॅमेऱ्याचे चित्रण थोड्याच दिवसांत आपोआप पुसले जाते, म्हणून ते जतन करण्याची नोटीस त्याच आठवड्यात द्यावी. सरतपासाच्या दिवशी दाखल्याची आठवण होणारा वकील, मला क्षमा करा, पक्षकाराचा पैसा फुकट खातो.

आपल्या स्वतःच्या संरक्षणाविषयीही दोन निर्णय लक्षात ठेवण्याजोगे आहेत. अशिलाला दिलेल्या सल्ल्याबद्दल वकिलालाच चौकशीस बोलावण्याची जी प्रथा पडू लागली होती तिला सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी आवर घातला. प्रकरण साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मधील अपवादात बसत असेल आणि पोलीस अधीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याची लेखी संमती असेल, तरच असे समन्स निघावे. तत्पूर्वी मे २०२४ मध्ये वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही असा निवाडा झाला, तेव्हा काही ठिकाणी पेढे वाटले गेल्याचे माझ्या कानी आले. सातारचे कंदी पेढे कोणत्याही निमित्ताने गोडच लागतात, परंतु ग्राहक मंचाचा धाक गेला म्हणून आनंद मानावा अशी आपल्या व्यवसायाची अवस्था आहे, असे मला वाटत नाही.

यंत्राकडून युक्तिवाद लिहून घेणाऱ्या तरुणांना एवढेच सांगतो की २०२३ साली न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि त्यांना पाच हजार डॉलरांचा दंड झाला. यंत्र अवश्य वापरा. निवाडा मात्र स्वतः उघडून, परिच्छेदासह वाचल्याखेरीज त्याचे नाव उच्चारू नका.

निवासाची व्यवस्था तालुक्यावार केली आहे. तीत उणिवा असतील, त्यांचा दोष माझ्याकडे आणि श्रेय कार्यकर्त्यांकडे द्यावे. दुपारच्या सत्रासाठी प्रत्येक तालुक्याने नव्या कायद्यांतील आपल्या अडचणी लिहून द्यावयाच्या आहेत. त्या देताना प्रकरणाचा प्रकार आणि अपराधाची तारीख न विसरता लिहावी. आता संमेलनाध्यक्षांनी आसनस्थ होऊन कामकाजास आरंभ करावा, अशी मी त्यांना नम्र विनंती करतो. पहिले सत्र साडेदहाला आहे, आणि त्यास तहकुबी मिळणार नाही.