कार्यालयातील न दिसणारी दुखणी

(मैंदर्गी येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) तत्कालीन जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी १९८० च्या दशकात दप्तराची जी घडी बसविली, ती 'लखिना पॅटर्न' म्हणून सर्वपरिचित आहे. त्याच वळणाची सहा गठ्ठा पद्धत आपण सारे जाणतो. प्रलंबित कागद कोणता, अभिलेख कक्षात धाडावयाचा कोणता, हे तीवरून तत्काळ कळते. परंतु सहकाऱ्यांतील अबोल्यासाठी सातवा गठ्ठा कोणी बांधलेला नाही.

मी पूर्वी ज्या एका कार्यालयात होतो, तेथे भांडण असे कधीच झाले नाही. एक ज्येष्ठ लिपिक सर्व विषयांत वाकबगार, काहीही अडले की उत्तर ठरलेले : "अण्णांना विचारा." त्यांचे कौतुक मीही करीत असे. ते तीन आठवडे आजारी पडले आणि आवक टपालाच्या नोंदीपलीकडे सारे काम थांबले. चौकशी करता एक तरुण कर्मचारी म्हणाली, "साहेब, मी दोनदा शिकायला गेले. दोन्ही वेळा हसून परत पाठवलं." अण्णांना दोष देणे सोपे होते. पण आपल्यावाचून अडावे, याखेरीज मान मिळविण्याचा दुसरा मार्ग आम्ही त्यांना ठेवलाच नव्हता.

हे दुखणे कागदावर उमटते, पण उशिरा. बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या अधिनियमाप्रमाणे नस्ती सर्वसाधारणपणे ७ कार्यदिवसांहून अधिक काळ एका टेबलावर राहू नये. ती वारंवार त्याच दोन टेबलांमध्ये अडत असेल, तर खुलासा मागण्यापूर्वी त्या दोघांचे बोलणे आहे की नाही, हे पाहावे.

या सीमाभागात मराठी आणि कन्नड दोन्ही नांदतात. सभेत मराठीतून "हरकत नाही" म्हणणारा गृहस्थ बाहेर चहा घेताना कन्नडमधून दहा हरकती सांगतो. यात दोष भाषेचा नव्हे. जेथे भीती नाही तेथे माणूस बोलतो. एकमताने संमत झालेला ठराव वर्षभर हलत नसेल, तर ते एकमतच तपासावे. पंचायतीत महिलांना २०११ पासून ५० टक्के आरक्षण आहे. प्रश्न सरपंचबाईंना आणि उत्तर पतिराजांचे, असे झाल्यास प्रश्न पुन्हा बाईंनाच विचारावा आणि थांबावे. थांबणे थोडे अवघड जाते.

अण्णा कामावर रुजू झाल्यावर दोघांना शिकविण्याचे काम त्यांच्याकडे लेखी सोपविले. दोन महिने ते नाराज होते. निवृत्तीपूर्वी मात्र त्यांनी स्वहस्ते एक टिपणवही सिद्ध केली आणि ती त्या तरुण कर्मचाऱ्याच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवली.