नागरी लिपी आणि मुक्त नियोजनप्रणाली

वाराणसीत १८९३ साली नागरी प्रचारिणी सभा स्थापन झाली. १९०० साली वायव्य प्रांत व अवध येथील न्यायालयांत नागरीला मान्यता मिळाली. नागरीच्या वापराचा प्रश्न आता संगणकावरही उभा आहे. टिपणे व कामांचे नियोजन साध्या मजकुरात ठेवणारी ‘ऑर्ग मोड’ ही मुक्त प्रणाली खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये सुरू केली. नागरी अक्षरांची रुंदी समान नसल्याने तिच्या तक्त्यांतील स्तंभ सरकू शकतात. अशा वेळी स्वतः केलेले बदल वगळून प्रणाली चालवावी. दोष तरीही उरल्यास लहानात लहान उदाहरणासह तो विकासकांना कळवावा. स्रोतसंहिता खुली असल्याने दुरुस्ती कोणालाही सुचविता येते. ती स्वीकारली गेल्यास तिचा लाभ नागरीत लिहिणाऱ्या सर्वांना मिळतो.