परक्या अक्षरातील पत्रे



सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी सैन्याच्या तुकड्या फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरल्या. त्यांतील बहुसंख्य शिपाई निरक्षर होते. घरी पत्र धाडायचे तर लिहिता येणाऱ्या सोबत्याची मनधरणी करावी लागे. गावी ते पत्र मास्तर किंवा टपालवाला मोठ्याने वाचून दाखवी. पत्नीसाठी योजलेला शब्दही मग चारचौघांत उच्चारला जाई; तो शब्द पुष्कळदा लिहिलाच गेला नसेल.

वाटेत आणखी एक वाचक होता. बुलोनच्या लष्करी कचेरीत एव्हलिन हॉवेल यांच्या देखरेखीखाली ही पत्रे तपासली जात. शिपायांना ते ठाऊक होते, म्हणून सांकेतिक भाषा रूढ झाली. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी सरत आली, एवढ्यावरून घरच्यांनी रणांगणावरील संहार ओळखायचा आणि धाकट्या भावाला भरतीपासून रोखायचे. (तपासनिसांनाही हे मसाल्याचे गणित उमगले होतेच.)

त्यांनी करवून घेतलेले इंग्रजी उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही आहेत. त्यांत थंडी आहे, जखमा आहेत, गुरे आणि सोयरिकीही आहेत. फ्रान्समधील शिकलेल्या स्त्रिया पाहून काहींनी घरी निक्षून कळवले, की मुलांबरोबर मुलींनाही शिकवा. हा निरोपही कित्येकांना दुसऱ्याकडूनच लिहवून घ्यावा लागला असेल, आणि घरच्या बायकांना तो दुसऱ्यानेच वाचून दाखवला असेल.