स्वप्नातल्या मोटारी

दिल्लीतला हिवाळा सरत आला, की जुन्या मोटारींची मिरवणूक पाहण्याचा योग येतो. 'स्टेट्समन' वृत्तपत्राने १९६४ साली येथे अशा मोटारींची फेरी सुरू केली आणि राजधानीच्या हौशी जीवनात तिला मानाचे स्थान मिळाले. माझी दिल्लीस बदली झाली त्या वर्षी मुलाचा हात धरून मीही ती पाहावयास गेलो. इंग्रजी गाड्या पोक्त गृहस्थांप्रमाणे मान ताठ ठेवून जात होत्या. त्यांच्यामागून आल्या अमेरिकन गाड्या, ऐसपैस, चकचकीत आणि काहीशा मोठ्याने बोलणाऱ्या. त्यांतील एका प्लिमथच्या नाकावर शिडाचे छोटे जहाज होते. ते पाहून मी जागीच थबकलो. का, ते मी पुढे सांगणारच आहे.

आपण रस्त्यावर पाहतो ती मोटार विकण्यासाठी केलेली असते. पण अमेरिकन कारखानदारांनी काही मोटारी विकण्यासाठी केल्याच नाहीत, केवळ दाखविण्यासाठी केल्या. तेथील लोक त्यांना स्वप्नातल्या मोटारी म्हणत. ही कल्पना रूढ केली ती जनरल मोटर्सच्या हार्ली अर्ल या रचनाकाराने. १९३८ साली त्याने 'ब्यूक वाय-जॉब' नावाची गाडी घडविली. तिचे पुढले दिवे पापण्या मिटाव्यात तसे आत लपत, काचा विजेवर खालीवर होत. ही गाडी कोणाला विकली नाही. अर्लसाहेब स्वतःच ती चालवीत. महायुद्धानंतर १९४९ पासून १९६१ पर्यंत या कंपनीने गावोगाव थाटाची प्रदर्शने भरविली. १९५४ च्या प्रदर्शनात तर जेट विमानासारखी दिसणारी, टर्बाइनवर चालणारी गाडी लोकांनी डोळे विस्फारून पाहिली. १९५३ च्या प्रदर्शनातील 'कॉर्व्हेट' मात्र लोकांना इतकी आवडली, की त्याच वर्षी तिच्या ३०० प्रती विक्रीसाठी तयार झाल्या, आणि त्या सगळ्या पांढऱ्या रंगाच्या.

पण प्रदर्शन संपल्यावर अशा गाडीचे काय करायचे? विकली, तर उद्या ती रस्त्यात बंद पडेल आणि कंपनीचे नाव जाईल. ठेवली, तर जागा अडेल. म्हणून पुष्कळ गाड्या मोडीत काढण्याचे हुकूम सुटले. क्रायस्लर कंपनीने १९६३ च्या सुमारास टर्बाइनवर चालणाऱ्या एकंदर ५५ गाड्या बांधल्या. त्यांपैकी ५० गाड्या आळीपाळीने २०३ कुटुंबांना वापरावयास दिल्या आणि त्यांचे अनुभव टिपून घेतले. प्रयोग संपला, आणि ५५ पैकी ४६ गाड्या नष्ट करण्यात आल्या. उरल्या त्या नऊ.

हुकूम सुटला म्हणजे तो पाळला गेलाच, असे नसते, हे आम्हा सरकारी माणसांना वेगळे सांगावयास नको. डेट्रॉइटजवळच्या एका भंगारवाल्याकडे जनरल मोटर्सने प्रदर्शनातल्या काही गाड्या चिरडण्यासाठी पाठविल्या होत्या. त्यांतील चार त्याच्या आवारात तशाच पडून राहिल्या. एकीचे तर तुकडे झालेले होते, पण तुकडे जागच्या जागी होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जो बोर्ट्झ नावाच्या संग्राहकाने त्या बाहेर काढल्या आणि पुढे त्या मोठ्या कष्टाने दुरुस्त होऊ लागल्या. ज्या गाड्यांत कंपनीने आपले भवितव्य पाहिले होते, त्या वाचल्या त्या भंगारवाल्याच्या दिरंगाईमुळे! दिरंगाईची एवढी चांगली फलश्रुती माझ्या तरी ऐकिवात नाही.

या कथेशी आपला मराठी माणसांचा काही संबंध आहे काय? आहे, आणि तो दुहेरी आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर हे मोठे रसिक संस्थानिक. त्यांच्यासाठी 'ड्यूझेनबर्ग' या अमेरिकन कंपनीच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी १९३५ च्या सुमारास एक गाडी घडविली. तिचे रंग केशरी आणि काळा. तशी दुसरी झाली नाही. आज ती भारतात नाही. दुसरा संबंध अगदी उलट टोकाचा. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकन गाड्या जुळविण्यास आरंभ केला. तेथून डॉज, डिसोटो आणि प्लिमथ अशा तीन नावांच्या गाड्या बाहेर पडत. नावे तीन, गाडी बहुतांशी एकच. फरक दर्शनी जाळीचा आणि बिल्ल्याचा. होळकरांची गाडी एकट्यासाठी होती, ही सरकारी कचेऱ्यांसाठी, डॉक्टरांसाठी, टॅक्सीवाल्यांसाठी होती. पण एका नव्या राष्ट्राचे मोटारीचे स्वप्न हिच्यातच होते.

आता त्या जहाजाकडे वळतो. नोकरीच्या आरंभीच्या काळात महाराष्ट्रातील एका जिल्ह्यात असताना माझ्यापुढे निर्लेखनाची एक फाइल आली. तीन जीपगाड्या, काही टायर आणि 'एक जुनी प्लिमथ, चालू स्थितीत नाही'. ती गाडी आवारातल्या चिंचेखाली उभी होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालीत. मी सही केली. लिलावाच्या आदल्या दिवशी सेवानिवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका भेटीस आले. उमेदीची कित्येक वर्षे त्यांनी ती गाडी चालविली होती. ते एवढेच म्हणाले, "साहेब, बॉनेटवरचं जहाज तेवढं मला द्या. काय किंमत होईल ती भरतो."

मी नियम पाहिले. गाडीचा एक भाग वेगळा काढून देण्याची तरतूद नव्हती. तसे मी त्यांना सांगितले. त्यांनी नमस्कार केला आणि ते गेले. गाडी वजनावर गेली, जहाजासकट. माझे काही चुकले नव्हते, असे कोणीही लेखापरीक्षक सांगेल. तरी दिल्लीच्या रस्त्यावर ते जहाज दिसले, तेव्हा माझी मान खाली गेली.

दिल्लीत तर हा प्रश्न कोणा एका कचेरीचा नाही. येथील हवा हिवाळ्यात कशी होते, हे मी श्वासाश्वासाला अनुभवतो. लहान मुलांचा खोकला रात्रभर ऐकू येतो. राजधानीच्या परिसरात दहा वर्षांवरील डिझेलच्या आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोलच्या गाड्यांना मनाई करणारा हरित न्यायाधिकरणाचा आदेश २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला, तो या कारणाने. त्याच्या अंमलबजावणीविषयी पुढे बराच ऊहापोह झाला. पण त्यामागील हेतूशी भांडण करण्याचे मला कारण दिसत नाही. पुढे २०२१ साली केंद्र सरकारने दुसरा नियम केला. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हीए' अक्षरांच्या वेगळ्या मालिकेत नोंदवावी. प्रदर्शनासाठी, संशोधनासाठी, फेरीसाठी ती रस्त्यावर आणता येईल, रोजच्या कामासाठी नाही. हाही नियम शहाणपणाचा आहे.

परंतु श्रोतेहो, हे दोन्ही नियम शेजारी ठेवून पाहा. पंधराव्या वर्षी गाडी दोषी ठरते आणि पन्नासाव्या वर्षी सन्मान्य होते. मधली पस्तीस वर्षे तिने कोठे काढायची? होळकरांच्या गाडीला ही वर्षे जड गेली नसती. तिला राजवाड्याची पागा होती. कुर्ल्याच्या प्लिमथला मात्र चिंचेचे झाडच मिळते. सगळ्या गाड्या राखाव्यात, असे कोणी म्हणणार नाही. धूर सोडणाऱ्या हजारो गाड्या भंगारात गेल्याच पाहिजेत. पण त्या ढिगात एखादी अशी असते, की ती गेली म्हणजे तिची जातच संपली. ती ओळखण्यासाठी कोणीतरी क्षणभर थांबावयास हवे. हे काम भंगारवाल्याच्या आळसावर सोपवून चालणार नाही.

म्हणून माझी सूचना अगदी लहान आहे. निर्लेखनाच्या तक्त्यात खरेदीचे वर्ष, मूळ किंमत, घसारा आणि वजन असे रकाने असतात. त्यांत आणखी एक रकाना असावा : 'या वस्तूची ओळख असलेल्या माणसास विचारले काय?' उत्तर बहुधा 'होय, राखण्याजोगे काही नाही' असेच येईल. पण शंभरात एखाद्या वेळी कोणी ड्रायव्हरकाका पुढे येऊन म्हणतील, "साहेब, हिला जाऊ देऊ नका." तेव्हा सही करणाऱ्याने लेखणी खाली ठेवावी, एवढेच माझे मागणे आहे.