अध्यक्षीय भाषण : रंगपेटी आणि साठा-नोंदवही



उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील प्राथमिक शिक्षकांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद एका साध्या वर्गशिक्षकास देऊन आपण जो बहुमान केला, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. प्रथेप्रमाणे अध्यक्षाने कलाशिक्षणाच्या वाटचालीचा आढावा घ्यावयाचा असतो. तो थोडक्यात उरकतो. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेने हस्तोद्योगास शिक्षणाच्या केंद्रस्थानी बसविले. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, बोर्डीस, ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य मांडले. आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीने कलेसाठी अंशकालीन निदेशकाची तजवीज केली, परंतु ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तीही शंभराहून अधिक मुले असतील तेथे. ज्यांची बोटे सर्वांत अधीर, ती पहिली ते पाचवीची मुले त्या तजविजीबाहेर राहिली. आढावा येथे संपला. यापुढे जे बोलणार आहे ते तीस वर्षे मनात कोंडलेले गाऱ्हाणे असून ते शाळेतल्या लोखंडी कपाटाविरुद्ध आहे.

आपल्या शाळांत रंग, माती, कात्र्या, घोटीव कागद हे साहित्य मुळीच येत नाही असे नाही. ते येते, साठा-नोंदवहीत चढते, आणि चढलेली वस्तू तपासणीच्या दिवशी जागेवर दिसली पाहिजे या धास्तीने कुलपात जाते. खडू झिजला तर कोणी जाब विचारीत नाही; रंग संपला की मात्र मुख्याध्यापकांच्या पोटात गोळा उठतो. जी वस्तू संपण्यासाठीच आणली, तिचे न संपणे हे आमच्या दप्तरात सद्गुण म्हणून नोंदले जाते!

सकाळच्या परिसंवादात, चित्रकला न जाणणाऱ्या वर्गशिक्षकाने कला शिकवावी काय, यावर बराच खल झाला. मला स्वतःला सरळ रेघ ओढता येत नाही. उल्हासनगरात माझ्या वर्गात एक मुलगा होता. घरी आईबरोबर बसून शिवलेल्या जीन्सचे लोंबणारे धागे कापण्याचे काम तो करी. वाचनात तो मागे, परंतु एके दिवशी कातरणांचा ढीग त्याच्यापुढे टाकला, तेव्हा निळ्या कापडाच्या नऊ छटा निवडून त्याने असा पाऊस चिकटविला की वर्ग निःशब्द झाला. मी त्याला काय शिकविले? कात्री दिली, एवढेच.

दुसरा वाद, हस्तकलेने अभ्यासाचा वेळ बुडतो, हा. बदलापूरच्या एका विद्यार्थ्याने उल्हासच्या काठच्या मातीची चिंबोरी करून आणली. पाय आठच पुरेत, असे मी अधिकारवाणीने सांगितले. त्यावर, पावसाळ्यात भातखाचरांत ती हाताने धरणारा तो पोर म्हणाला, ‘‘गुरुजी, नांग्या धरून दहा.’’ त्याचे बरोबर होते, आणि ज्याला मी गणितात कच्चा म्हणत होतो त्याने मला मोजावयास शिकविले. वेळ कोणाचा बुडाला, हे परिसंवादातील विद्वानांनी ठरवावे.

अंबरनाथचे शिवालय शके ९८२ चे, म्हणजे १०६० चे. त्याच्या भिंतींवरील शिल्पे घडविणाऱ्या हातांची नावे कोणास ठाऊक नाहीत. १८६८ साली परक्या सरकारनेसुद्धा तेथे आरेखक पाठवून रेखने व साचे करवून घेतले. आमची सहल मात्र तेथे जाते, रांग लावते, ‘मंदिर कोणी बांधले’ याचे उत्तर वहीत उतरविते आणि वालधुनीकाठी डबा खाऊन परतते. एखादे मूल मूर्तीपुढे बसून रेघा ओढू लागले, तर रांग मोडली म्हणून त्याला उठविणारे आम्हीच.

आम्हीच म्हणतो, कारण यात मीही आलो. नोकरीच्या आरंभी एका शाळेत कपाटाची किल्ली माझ्या करगोट्याला असे. वर्गास मिळालेल्या बारा रंगपेट्या मी चार वर्षे जिवापाड जपल्या. तपासनीस आले, पेट्या मोजल्या, बारा भरल्या, आणि ‘साहित्य सुस्थितीत’ असा शेरा मारून गेले. त्या सायंकाळी प्रथमच मी झाकणे उघडली. आत उन्हाळ्यातल्या तळ्याच्या गाळासारखे तडकलेले पापुद्रे होते. आणि पेट्या आल्या त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले तोवर चौथी उत्तीर्ण होऊन निघून गेली होती. तो शेरा अजून त्या दप्तरात असेल.

यावर उपाय काय? साहित्य खर्ची टाकण्याचे नियम सुलभ व्हावेत, त्यासाठी एक उपसमिती नेमावी, तिने वरिष्ठांकडे अर्ज करावा, तपशील पुढील संमेलनात ठरवावा. अध्यक्षाने असे काही सुचवावयाचे असते म्हणून सुचवितो. मंजुरी येईल तेव्हा येईल. सोमवारी शाळा भरेल तेव्हा कपाट उघडा, आणि पुढच्या तपासणीत पेट्या रिकाम्या निघाल्या म्हणून ठपका आला, तर तो मानाने घ्या. मला मिळालेल्या शेऱ्यापेक्षा तो खचित बरा.