घरांतील उपासना

उपासनेस भव्य मंदिर हवेंच, अशी सर्वसाधारण समजूत असते. ख्रिस्ती मंडळीचा आरंभ मात्र साध्या राहत्या घरांत झाला. अक्विला व प्रिस्किल्ला या दांपत्याच्या घरीं जमणाऱ्या मंडळीस पौलानें आपल्या पत्रांत सलाम सांगितला आहे.

असें एक घर सीरियांत युफ्रेटीस नदीच्या तीरावर, दुरा-युरोपस या प्राचीन नगरांत, १९३१-३२ सालच्या उत्खननांत सांपडलें. मधोमध अंगण, भोंवतीं खोल्या. बाहेरून शेजारच्या घरांसारखेंच. आंत मात्र दोन खोल्यांमधील भिंत पाडून एक लांबट दालन केलेलें होतें, आणि दुसऱ्या एका खोलींत बाप्तिस्म्याचें कुंड बांधून त्यामागील भिंतीवर उत्तम मेंढपाळाचें चित्र काढलेलें होतें. इसवी सन २५६ च्या सुमारास इराणी सैन्यानें नगर घेतलें. तत्पूर्वीं तट बळकट करण्यासाठीं रोमन शिपायांनीं लगतच्या घरांत मातीचा भराव घातला होता. त्याखालीं हें उपासनास्थान टिकून राहिलें.

अशा घरांत माणसें मोजकीं जमत. कोण आजारी आहे, कोणाची चूल पेटली नाहीं, हें एकमेकांस सहज कळे. पुढें ३१३ सालीं धर्मास राजमान्यता मिळाली आणि रोमन सभागृहांच्या धर्तीवर प्रशस्त मंदिरें उभीं राहिलीं. मंडळी वाढली, पण सोबतचा उपासक हळूहळू नुसता श्रोता होऊं लागला.

काळाची रीत उपासनेंत शिरल्यावांचून राहत नाहीं. ती माणसांस जवळ आणते कीं दूर लोटते, एवढेंच पाहावयाचें. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं मराठी ख्रिस्ती उपासनेंत भजन-कीर्तनाची गोडी वाढविली, आणि १९१७ सालीं साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. परिचित चालीवर भजन सुरू झालें, कीं ऐकणाराही गाऊं लागतो. ही रीत जवळ आणणारी होती.

२०२० सालीं महामारीमुळें चर्चचीं दारें बंद झालीं आणि उपासना पुन्हां घरांत आली; या वेळीं दूरध्वनीच्या पडद्यावरून. वृद्धांस व रुग्णांस त्याचा मोठा आधार झाला. परंतु कोण आलें नाहीं, आणि कां आलें नाहीं, हें पडद्यावर दिसत नाहीं. प्रार्थना संपतांच पडदा काळा होतो. शेजाऱ्याची विचारपूस राहून जाते.

दुरा येथील गृहस्थानें घराची भिंत पाडली, ती चार माणसांस एकत्र बसतां यावें म्हणून. पडद्यावरची प्रार्थना आटोपल्यावर जो उठून न आलेल्याच्या दारीं जातो, त्याच्या घरांत ती जुनी मंडळी आजही भरते.