सावकार कोण?

कर्ज काढणें सोपें आणि फेडणें कठीण, हा अनुभव सर्व देशांत सारखाच आहे. परंतु फेडावयाचें कोणाला, हाच प्रश्न ऋणकोस पडावा, असा विलक्षण प्रसंग २००७ नंतरच्या मंदींत अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत ओढवला. हप्ते थकून लक्षावधि कुटुंबांची घरें लिलावास निघालीं. आणि लिलाव मांडणाऱ्या कित्येकांना आपलाच हक्क सिद्ध करतां येईना.

त्या देशांत घरासाठीं कर्ज घेणारा दोन कागदांवर सही करतो. एक वचनचिठ्ठी, तींत रक्कम फेडण्याचें वचन असतें. दुसरें गहाणखत, त्यानें घर तारण राहतें. पूर्वीं हे कागद बहुधा कर्ज देणाऱ्या पेढीच्या तिजोरींत राहत. पुढें पेढ्या हीं कर्जें सर्रास विकूं लागल्या. हजारों कर्जांची एक मोट बांधावयाची, ती विश्वस्ताच्या स्वाधीन करावयाची आणि तिच्या उत्पन्नावरचे रोखे जगभर विकावयाचे, असा हा व्यापार होता. हप्ते गोळा करणारी कंपनी आणखी निराळीच. प्रत्येक विक्रीची सरकारी नोंद करण्याचा खर्च व विलंब टाळण्यासाठीं १९९५ सालीं या धंद्यांतील मोठ्या संस्थांनीं 'मर्स' नांवाची एक संस्था काढली. दप्तरांत नांव तिचें राही. खरे मालक कितीहि बदलले तरी तें बदलत नसे. व्यापाराची सोय झाली, पण सार्वजनिक दप्तर मुकें झालें.

याचें फळ कुटुंबांच्या पदरीं पडलें. नोटिशीवर एकाचें नांव, हप्त्याच्या पावतीवर दुसऱ्याचें, दप्तरांत तिसऱ्याचें! तडजोडीसाठीं विनंती करावी तर कोणाच्या दारीं? त्यांतच २०१० सालीं उघड झालें कीं, पेढ्यांचे कारकून महिन्याला हजारों प्रतिज्ञापत्रांवर न वाचतांच सह्या करीत होते.

मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील एक खटला येथें बोधप्रद आहे. स्प्रिंगफील्ड शहरांतील दोन घरांचा लिलाव जुलै २००७ मध्यें झाला, आणि लिलाव करणाऱ्या पेढ्यांनींच तीं विकत घेतलीं. त्या संस्थानांत अशा लिलावास न्यायालयाचा आधीं हुकूम लागत नाहीं. पण गहाणखत त्यांच्या नांवें करून देणारे कागद एका घराच्या बाबतींत दहा, तर दुसऱ्याच्या बाबतींत चौदा महिन्यांनीं तयार झाले होते. हप्ते थकले होते याविषयीं वाद नव्हता. तरीहि ७ जानेवारी २०११ रोजीं संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयानें दोन्ही लिलाव रद्द ठरविले. लिलावाच्या दिवशीं हक्क हातीं नव्हता, तो मागाहून कागद करून उत्पन्न होत नाहीं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हें खरें. मग थकबाकीदारासाठीं कागदांचा एवढा बाऊ कशाला, असें कोणी म्हणेल. पण घर गेल्यावर दुसराच कोणी मूळ वचनचिठ्ठी घेऊन उभा राहिला, तर ऋणकोनें काय करावें? आणि तें घर भर पैसे देऊन घेणाऱ्या गृहस्थाच्या मालकीची हमी कोणी द्यावी? कागदाचा काटेकोरपणा ही थकबाकीदारावर केलेली मेहेरबानी नव्हे. त्यावर सर्वांचीच मालमत्ता उभी आहे. अर्थात् लिलाव रद्द झाला म्हणून कर्ज बुडत नाहीं. योग्य मालकास योग्य रीतीनें तें पुन्हां मागतां येतें.

२०१२ सालीं पांच मोठ्या पेढ्यांनीं ४९ संस्थानें व मध्यवर्ती सरकार यांच्याशीं सुमारे २,५०० कोटी डॉलरांची तडजोड केली. तींतून, घर गमावलेल्या ज्या ऋणकोंचे अर्ज मान्य झाले, त्यांना प्रत्येक कर्जामागें सुमारे १,४८० डॉलर मिळाले. गेलेल्या घरापुढें ही रक्कम ती काय!

अधिक मोलाचा उपाय २००९ च्या कायद्यानें झाला. कर्ज विकत घेणाऱ्या नव्या मालकानें तीस दिवसांच्या आंत ऋणकोस तसें लेखी कळविलें पाहिजे, असें त्यानें ठरविलें. शिवाय मालक कोण, हें हप्ते घेणाऱ्या कंपनीस लेखी विचारण्याचा हक्क ऋणकोस आहे. जो घर मागतो त्यानें आपला हक्क दाखवावा, आणि जो देणें लागतो त्यानें तो पाहून घ्यावा. पावत्या, पत्रें आणि नोटिसा जपून ठेवणें हें त्यांतलें पहिलें पाऊल होय.